तात्पर्य विचारू नका, गोष्ट वाचा

एसटीत असाल, शेतात असाल किंवा भांडी घासता घासता ऐकत असाल, तुमचं स्वागत. आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लेखी मजकूर.

आजचा विषय कोडिंग नाहीये. पहिली-दुसरीच्या वर्गात गोष्टीची पुस्तकं कशी वापरायची, हा आहे. आता तुम्ही म्हणाल, बीटेक झालेल्या पोराला यातलं काय कळतं? खरं सांगू? काहीच कळत नव्हतं.

मी आंबेगाव तालुक्यातला, घोडेगावकडचा. माझ्या शाळेत गोष्टीची पुस्तकं होती, पण लोखंडी कपाटात, कुलूप लावून. फाटली तर हिशोब कोण देणार? साहेब तपासणीला आले की ती टेबलावर मांडली जायची आणि ते गेले की परत आत. चौथीपर्यंत मी धड्याबाहेरची एकही गोष्ट हातात धरून वाचली नाही.

माझी आत्या जुन्नर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पहिली-दुसरी एकाच खोलीत. घरून काम चालू होतं तेव्हा मी तिला एक अ‍ॅप बनवून दिलं. अक्षर ओळखा, बरोबर आलं की चांदणी. पोरं खूश! दुसरीतल्या एका मुलीला तर सगळ्या चांदण्या मिळाल्या. मग आत्याने तिच्यासमोर एक साधं वाक्य ठेवलं. तिनं एकेक अक्षर फोडत ते वाचलं. "काय वाचलंस गं?" विचारल्यावर गप्प. माझ्या अ‍ॅपमध्ये मात्र ती पास होती.

२०२१ मध्ये केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान सुरू झालं. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, हे त्याचं एक मुख्य उद्दिष्ट. मी त्यातला 'समजून' हा शब्द सोडून बाकी सगळं कोड केलं होतं.

आत्या म्हणाली, "शनिवारी सकाळची शाळा असते, तेव्हा ये. मोबाईल खिशात ठेव आणि पुस्तक घेऊन ये."

गेलो. वर्गात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सुतळी बांधलेली, पोरांचा हात पोचेल एवढ्या उंचीवर. तिच्यावर पुस्तकं वाळत घातल्यासारखी लटकवलेली. खाली चिकटपट्टी ठेवलेली. फाटलं की पोरंच चिकटवतात.

मी जंगलाच्या राजाची, सिंहाची गोष्ट वाचायला लागलो. दुसऱ्याच पानावर एक पोरगा म्हणाला, "सर, सिंह कुठं असतोय? बिबट्या असतोय. आमच्या उसात."

बरोबरच होतं त्याचं. जुन्नरमध्ये बिबट्याची मादी उसात पिल्लं घालते. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे. या पोरांसाठी तो चित्रातला प्राणी नाही.

मी पुढे वाचणार, तेवढ्यात आत्याने हाताने थांब म्हणून खूण केली. वर्ग बोलायला लागला. कुणाची शेळी गेली, कुणाचं कुत्रं. आणि ती चांदण्यावाली मुलगी, जी कधीच बोलत नाही, ती हळूच म्हणाली, "पप्पा रातचं दारं धरायला जात्यात. आई झोपत नाय."

वर्ग एकदम शांत. शेतीपंपाची वीज रात्री आली की पाणी द्यायला रात्रीच जावं लागतं, हे तिथे सगळ्यांनाच माहीत होतं.

आत्याने तिचं वाक्य फळ्यावर लिहिलं, जसंच्या तसं. 'नाय'चं 'नाही' केलं नाही. मग म्हणाली, "वाच बरं." आणि तिनं ते वाचलं. न अडखळता, अक्षर न फोडता. सिरियसली, माझ्या अंगावर काटा आला.

मग कागद दुमडून आठ पानांचं पुस्तक झालं. चित्रं तिची, वाक्यं तिची. पुढच्या शनिवारी तेही सुतळीवर लटकलं होतं. पुस्तकी मराठीतली वाक्यं नंतर, शेजारच्या पानावर आली.

घरी येऊन शोधलं तर कळलं, हे नवीन नाही. न्यूझीलंडमध्ये सिल्व्हिया अ‍ॅश्टन-वॉर्नर माओरी मुलांना त्यांच्याच शब्दांतून वाचायला शिकवायच्या. त्यांचं पुस्तक १९६३ सालचं. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला मुलांच्या भोवतालातूनच शिक्षण उभं केलं.

तुम्हाला काय करता येईल? पुस्तकं फुकटही मिळतात. स्टोरीवीव्हर या साइटवर मराठी चित्रगोष्टी आहेत, मुक्त परवान्याच्या, छापून वाटल्या तरी चालतं. बालभारतीच्या साइटवर 'किशोर'चे १९७१ पासूनचे अंक आहेत. विकत घ्यायची तर माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं घ्या.

वाचताना एवढंच करा. आधी मुखपृष्ठ दाखवा, काय असेल ते पोरांना सांगू द्या. गोष्ट पूर्ण वाचा, चित्र सगळ्यांना दिसेल असं धरा. मध्येच कुणी बोललं तर थांबा. आणि शेवटी तात्पर्य विचारू नका. "तुमच्याकडं असं कधी झालंय का?" एवढंच विचारा.

माझं अ‍ॅप आत्याच्या फोनमध्ये अजून आहे. त्यात आता चांदण्या नाहीत. पोरांनी सांगितलेल्या गोष्टी त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करायचं एक बटण आहे, बस्स.

येत्या शनिवारी गावी जाणार असाल, तर शाळेत एक पुस्तक घेऊन जा. काय झालं ते आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!