मुकी पेटी
(शाळेच्या विज्ञान मंडळासमोर दिलेले भाषण)



मिरजेचे कारागीर तंबोऱ्यासाठी भोपळा पारखून घेतात, तो तारेचा नाद त्याच्या पोटात घुमावा म्हणून. ध्वनिक्षेपकाची पेटी बांधणाऱ्याची अपेक्षा नेमकी उलट असते. तंबोरा स्वतः गातो. पेटीने मात्र दुसऱ्याचे गाणे, दुसऱ्याचे बोलणे, आपला एकही सूर न मिसळता पुढे पोचवायचे असते. घरी बांधलेल्या पुष्कळ पेट्या फसतात, त्या हा भेद ध्यानात न घेतल्यामुळे.

मग पेटी हवीच कशाला? अमेरिकेत १९२५ साली राइस आणि केलॉग यांनी ज्या ध्वनिक्षेपकाचे वर्णन प्रसिद्ध केले, त्याच जातीचा कागदी शंकू आजही वापरात आहे. तो पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. खर्जाच्या लहरी लांब असतात. १०० हर्ट्झची लहर सुमारे ३.४ मीटर भरते. अशी लहर उघड्या शंकूला मागून वळसा घालून पुढच्या लहरीला गाठते आणि दोघी एकमेकींना पुसून टाकतात. मागचा आवाज कोंडणे हे पेटीचे पहिले काम. मातीच्या माठाच्या तोंडावर ध्वनिक्षेपक बसवणाऱ्या गरजू हौशी मंडळींना हे अनुभवाने उमगले होते. त्यांना हसण्याचे कारण नाही: माठाची गोलाई सपाट फळीसारखी थरथरत नाही.

आठ इंची ध्वनिक्षेपकासाठी आतून ४० × ३० × २५ सेंटिमीटरची, म्हणजे ३० लिटरची बंद पेटी हा चांगला आरंभ होय. १८ मिलिमीटर प्लायवुडच्या आठ बाय चार फुटी तक्त्याचा सुमारे पाव भाग तिला लागतो. सुताराकडे उरलेल्या तुकड्यांतही ती निघते. काटकसर करावी ती रंगात आणि जाळीत, फळीच्या जाडीत कदापि नाही. सांधे गोंदाने भरावेत आणि फटींत गोंदात कालवलेला लाकडाचा भुसा दाबावा. समोरासमोरच्या फळ्यांमध्ये एक आडवी दांडी ठोकावी, आत जुन्या गादीचा कापूस सैलसर भरावा. कापूस भरण्यापूर्वी अंधाऱ्या खोलीत पेटीत विजेरी लावून ठेवली, की चुकलेला सांधा स्वतःच उजेड दाखवतो. शेवटी बोटाच्या पेराने प्रत्येक बाजूवर टकटक करावी. डफासारखा आवाज आला तर दांडी अपुरी आहे. ‘ठक्’ असा कोरडा, मेलेला आवाज यावा.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी शाळेत या कोरडेपणाला निराळे मोल आहे. येथील मुलांच्या कानावर रस्त्यात दुसरीच भाषा पडते. ध्वनिमुद्रित कविता किंवा नाट्यप्रवेश हा त्यांच्यापैकी कित्येकांना घराबाहेर मराठी उच्चार ऐकण्याचा मोजका प्रसंग. घुमणारी पेटी स्वरांना फुगवते आणि व्यंजने झाकते. चहातला ‘च’ आणि चाकातला ‘च’ मग एकच वाटू लागतात. किमती पेटीही हा दोष करू शकते, आणि तुकड्यांची पेटी तो टाळू शकते.

म्हणून पेटी पुरी झाल्यावर तिच्यावर प्रथम गाणे लावू नये. एखाद्याने ध्वनिवर्धकावर ‘काल’ आणि ‘काळ’ हे शब्द उलटसुलट क्रमाने वाचावेत, आणि शेवटच्या बाकावरील मुलाने ऐकू येईल तसे लिहावे. वही तपासल्यावर पेटी पुन्हा उघडायची की नाही, ते ठरेल.