हजेरीपटावर नाव असेल तर

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आणि सांगितलं, तू काय काम करतेस ते बोल. सकाळी चहा घेताना एका मैत्रिणीने हेच आपल्या भाषेत विचारलं, "तू थंय पुण्यात नेमक्या काय करतंस गो?" इंजिनिअर होऊन वीस वर्षं उलटली, पण हे मी घरच्यांनाही अजून धड सांगू शकलेले नाही. आज प्रयत्न करते. सरांनी झोपू नये.

लांब कुठेतरी असलेली यंत्रं नीट चालू आहेत का, यावर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर मी सांभाळते. फ्रिज, जनरेटर, पंप, सर्व्हर असं काहीही. आपल्याला ही गोष्ट नवीन नाही. पावसाळ्यात जिल्हा प्रशासनाचं पत्रक निघतं. तेरेखोल, कर्ली, वाघोटन अशी नद्यांची नावं, नदीची आजची पातळी, शेजारी इशारा पातळी आणि धोका पातळी. २०१९ आणि २०२१ मध्ये बांद्यात पाणी शिरलं तेव्हा मी पुण्यात बसून मोबाईलवर तेच आकडे बघत होते आणि आईला दर तासाला फोन करून वैताग आणत होते. माझं काम म्हणजे ते पत्रक समजा. नदीच्या जागी यंत्र आणि विचारणा दर पंधरा सेकंदांनी.

आता कुठल्या यंत्राला विचारायचं, काय विचारायचं आणि किती आकड्याला बोंब मारायची, हे सॉफ्टवेअरला सांगावं लागतं. पूर्वी आम्ही एकेका खिडकीत जाऊन बटणं दाबायचो, नाहीतर पायरी-पायरीने हुकूम लिहायचो. आता सगळं एका साध्या मजकुराच्या फाईलमध्ये लिहितो. आमच्या भाषेत त्याला डिक्लेरेटिव्ह म्हणतात. शब्द जड आहे, गोष्ट स्वयंपाकघरातली आहे. मुलाला सांगितलं, "बाजारातून पाच किलो साखर आण", आणि आजीनेही तेच सांगितलं, तर घरात दहा किलो साखर येते. त्याऐवजी भिंतीवर लिहून ठेवलं, "डब्यात पाच किलो साखर असावी", तर कुणी कितीदा वाचलं तरी साखर पाचच किलो राहते. काय करायचं ते लिहायचं नाही, काय असायला हवं ते लिहायचं. १९९३ मध्ये ओस्लो विद्यापीठात मार्क बर्जेस यांनी सीएफइंजिन हे सॉफ्टवेअर याच विचारावर लिहिलं. मी वापरते ते प्रोमिथिअस, २०१२ मध्ये साउंडक्लाउड या कंपनीत सुरू झालं आणि आज कुणालाही फुकट मिळतं.

त्या फाईलमध्ये लिहिलेलं असतं ते साधारण असं: अमुक दवाखान्याचा अमुक फ्रिज, त्याचा पत्ता, तापमान ८ अंशांच्या वर पाच मिनिटं राहिलं तर अमक्याला कळव. बस. फाईल कुणी, कधी, का बदलली याचा इतिहास राहतो, दुसऱ्या माणसाने वाचून मान्यता दिल्याशिवाय बदल लागू होत नाही. फाईलचे नखरेही असतात. समास चुकला की ती अडते. आपल्या पाटीवरच्या ओळी बाईंना चालायच्या नाहीत, तसंच. या फाईली ज्या वायएएमएल पद्धतीने लिहितात, तिच्या जुन्या आवृत्तीत नॉर्वे देशाची दोन अक्षरी खूण, म्हणजे एन-ओ, अवतरणचिन्हांशिवाय लिहिली तर संगणक ती 'नाही' अशी वाचतो. एका देशाचं अस्तित्वच नाकारतो. आम्ही यावर हसतो, कारण रडून उपयोग नसतो.

हे काम किती मोठं होऊ शकतं ते बघायचं असेल तर नारायणगावजवळ खोडदला जा. तिथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, काही मध्यभागी दाटीने आणि बाकीच्या इंग्रजी वाय अक्षरासारख्या पंचवीसेक किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. प्रत्येकीच्या मोटारी, रिसीव्हर, सगळ्यांवर एका जागेवरून नजर. दुर्बिणीचं आधुनिकीकरण करताना तिच्या नियंत्रणासाठी टँगो नावाची व्यवस्था घेतली. टँगोमध्ये प्रत्येक उपकरणाला तीन भागांचं नाव असतं आणि त्याची नोंद एका ठिकाणी असते. नाव नोंदलं की ते उपकरण व्यवस्थेसाठी जन्मलं.

नाव नोंदलंच नाही, तर काय होतं? हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले. एका ठिकाणच्या दवाखान्यांचे लसींचे फ्रिज आमच्या नजरेखाली होते. लस २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. एका शुक्रवारी संध्याकाळी मी फाईल नीटनेटकी करायला घेतली. दोन दवाखान्यांच्या ओळी एकसारख्या दिसल्या, मला वाटलं चुकून दोनदा लिहिलंय. एक काढली. सहकाऱ्याने बघितलं, ठीक म्हणाला. फाईल तपासणाऱ्या प्रोग्रॅमनेही ठीक म्हटलं, कारण व्याकरण बरोबरच होतं. शनिवारी रात्री तिथली वीज गेली, जनरेटर चालू झाला नाही. सोमवारी सकाळी सिस्टरनी फ्रिज उघडला तेव्हा लस वाया गेली होती. लसीकरणाचा दिवस होता, बायका पोरं कडेवर घेऊन लांबून आल्या होत्या. त्या परत गेल्या. आणि आमच्या पडद्यावर दोन दिवस सगळं हिरवं होतं.

हे लक्षात घ्या. प्रोमिथिअसच्या यादीतलं यंत्र उत्तर देईनासं झालं तर त्याच्यापुढे शून्य पडतं आणि शून्य दिसलं की बोंब मारता येते. यादीतूनच नाव गेलं तर शून्य पडायला ओळच नसते. बिघाड दिसतो, गैरहजेरी दिसते, पण नाव खोडलेल्याची गैरहजेरी दिसत नाही. नंतर आम्ही रोज रात्री आमची फाईल दवाखान्यांच्या खरेदीच्या नोंदवहीशी ताडून बघायला लागलो. नोंदवहीत आहे आणि फाईलमध्ये नाही, असं एक जरी निघालं तरी फोन वाजतो. वहीदेखील चुकते म्हणा, पण दोन वह्या एकाच जागी सहसा चुकत नाहीत.

त्या सोमवारी रात्री मला झोप आली नाही आणि का कोण जाणे, आठवीचा वर्ग आठवला. बाई हजेरी घ्यायच्या. आम्ही "हजर बाई" म्हणायचो. माझ्या बेंचवरची मुलगी दिवाळीनंतर आली नाही. काही दिवस बाई तिचं नाव घ्यायच्या, मागून कुणीतरी "गैरहजर" ओरडायचं. मग तिच्या नावावर लाल रेघ आली. नववीच्या नव्या हजेरीपटात ती नव्हतीच. माझा नंबर ३१ चा ३० झाला, आणि मला खरं सांगते, तेव्हा फक्त नंबर बदलल्याचंच वाटलं. तिच्या घरी जाऊन विचारावं असं माझ्या मनात आलं नाही. पावसात दहा मिनिटांची वाट होती.

आजच्या मेळाव्याची यादी संयोजकांनी दहावीच्या यादीवरून केली. त्यांची चूक नाही, मीही तशीच केली असती. पण परवा इथे आल्यावर मी शाळेत जाऊन विचारलं, तर जुने हजेरीपट कपाटात आहेत. काही वाळवीने खाल्लेत. आमच्या तुकडीचा आठवीचा मिळाला. दहावीच्या यादीत नसलेली अकरा नावं त्यात निघाली. काल रात्री दोघांचा पत्ता लागला. एक दोडामार्गला दुकान चालवतो, तो जेवायला येतोय.

उरलेली नऊ नावं कागदावर लिहून मी दाराशी टेबलावर ठेवली आहेत. माझ्या बेंचवरचं नाव पहिलं आहे. बाकीच्या तुकड्यांचे हजेरीपटही शेजारी ठेवलेत. पंगतीला बसण्याआधी एकदा बघून जा, कुणाचं गाव, सासर, भावाचा फोन, काहीही ठाऊक असेल तर समोर लिहा. पेन दोऱ्याने बांधलंय.