आकडा आणि संख्या : जमिनीच्या नोंदींच्या संदर्भात
(व्याख्यानाचा सारांश)

संगणकाच्या पडद्यावर दिसणारा आकडा संगणकाच्या लेखी संख्या असतोच असे नाही. कळफलकावरून भरलेला '२५' हा आरंभी केवळ दोन चिन्हांची अक्षरमाला असतो. हिशेब करण्यापूर्वी तिचे संख्येत रूपांतर व्हावे लागते. आणि या रूपांतराचे नियम एकाच संगणकीय भाषेतही एकसूत्री नसतात.

१९९५ साली तयार झालेली जावास्क्रिप्ट ही भाषा याचे ठळक उदाहरण होय. इंग्रजी अंकांत लिहिलेल्या '२५' व '५' या अक्षरमालांमध्ये अधिकचे चिन्ह घातल्यास त्या जोडल्या जाऊन '२५५' होते. उण्याचे चिन्ह घातल्यास मात्र २० हे योग्य उत्तर मिळते. रिकामा रकाना 'नंबर' या आज्ञेने वाचल्यास शून्य येते, 'पार्सइंट' या आज्ञेने वाचल्यास 'संख्या नव्हे' असा शेरा येतो. '२५ गुंठे' असे लिहिल्यास 'पार्सइंट' पंचवीस घेते आणि 'नंबर' ते नाकारते. देवनागरी अंक या दोन्ही आज्ञा स्वीकारीत नाहीत. पायथन ही भाषा मात्र देवनागरी व कानडी दोन्ही अंक जाणते.

हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा नव्हे. निपाणी आणि कागल ही गावे १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी एकाच मुंबई राज्यात होती. आज त्यांच्यामध्ये राज्याची सीमा आहे. महाराष्ट्राच्या सात-बारा उताऱ्यावर क्षेत्र हेक्टर व आर यांत असते, तर कर्नाटकाच्या उताऱ्यावर एकर व गुंठे यांत. त्यामुळे '१.२०' या एकाच लेखनाचे दोन अर्थ होतात. कागलकडे तो एक हेक्टर वीस आर, म्हणजे १.२ हेक्टर होय. शंभर आरांचा हेक्टर असल्याने तेथे दशांश वाचन बरोबर ठरते. निपाणीकडे तो एक एकर वीस गुंठे, म्हणजे दीड एकर. कारण चाळीस गुंठ्यांचा एकर होतो.

समजा, दोन भावांच्या नावे प्रत्येकी एक एकर तीस गुंठे जमीन आहे. दोघांची मिळून ती तीन एकर वीस गुंठे भरते. संगणकाने '१.३०' ही दशांश संख्या मानली, तर बेरीज २.६ एकर, म्हणजे दोन एकर चोवीस गुंठेच येईल. छत्तीस गुंठ्यांची ही तफावत वाटणीच्या वा कर्जाच्या कागदावर लहान म्हणता येणार नाही. शिवाय संख्या होताच '१.२०' मधील शेवटचे शून्य गळते, आणि मग वीस गुंठे होते की दोन, हे नुसत्या संख्येवरून कळत नाही.

यावरील उपाय साधे आहेत. एकर व गुंठे यांना स्वतंत्र रकाने असावेत. सर्व क्षेत्राचे प्रथम गुंठे करून बेरीज घ्यावी आणि मगच चाळिसाने भागावे. न भरलेला रकाना शून्य मानू नये. 'नोंद नाही' आणि 'जमीन नाही' यांत मोठे अंतर आहे. सर्व्हे नंबर व हिस्सा नंबर यांची बेरीज कधीच करावयाची नसते, म्हणून ते अक्षरमाला म्हणूनच ठेवावेत. शिक्षकांनी दोन्ही राज्यांचे उतारे वर्गात शेजारी ठेवून हे गणित विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावे. ग्रामस्थांनीही संगणकीय उतारा हाती आल्यावर त्यातील एकूण क्षेत्र जुन्या उताऱ्याशी ताडून पाहावे, आणि फरक आढळल्यास तो वेळीच कार्यालयाच्या नजरेस आणावा.