धाब्यावरची माती

श्रोतेहो, 21 मार्च 2024 ची सकाळ आठवते ना? सहा वाजून गेले होते आणि फडताळातली भांडी वाजली. भूकंपाचं केंद्र हिंगोली जिल्ह्यात, तीव्रता 4.5. त्याच वर्षी 10 जुलैला पुन्हा तेवढाच धक्का. आपण अंगणात पळालो, थोडं बोललो, परत घरात गेलो. आत जाताना कुणी मान वर करून धाब्याकडे, म्हणजे घराच्या मातीच्या छताकडे, पाहिलं का? मला त्या धाब्याविषयीच बोलायचं आहे.

30 सप्टेंबर 1993. किल्लारी, सास्तूर. गणपती बोळवून माणसं झोपली होती. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. 52 गावं जमीनदोस्त झाली, साडेसात हजारांहून जास्त माणसं गेली. त्यांच्या अंगावर काय पडलं? भिंतीचे दगड आणि धाब्यावरची माती.

आता हिशेब करा. दहा बाय दहाची खोली, वर फूटभर माती. म्हणजे बरोबर एक ब्रास. चार टनांच्या वर वजन! गळतं म्हणून दर मिरगाच्या आधी आपण आणखी पांढरी माती टाकतो. आजोबांनी टाकली, वडिलांनी टाकली, आपणही टाकतो. खालची काढतं कोण?

आणि भिंत? मावशी, तुमची वाकळ घ्या. वर एक लुगडं, खाली एक लुगडं, मध्ये चिंध्या. टाके घातलेच नाहीत तर? एकदा झटकली की चिंध्या एका कोपऱ्यात आणि लुगडी दोन दिशांना. आपली दोन-अडीच फुटी भिंत अशीच. आतून दगडाची एक रांग, बाहेरून दुसरी, पोटात माती आणि कपच्या. दोन्ही रांगांना धरणारा आरपार लांब दगड नसेल, तर ती बिनटाक्याची वाकळ. भिंत जाड आहे म्हणून निर्धास्त राहू नका. वाकळ जाड असली तरी टाके लागतातच.

पत्र्याचं घर आहे, आम्हाला काय, असं म्हणू नका. वाऱ्यानं उडू नये म्हणून पत्र्यावर ठेवलेले धोंडे आधी उतरवा. मार्चच्या धक्क्यानंतर नांदेडच्या प्रशासनानंही हेच सांगितलं होतं. पत्रा आकड्यांनी आवळून घ्या.

स्पष्टच सांगतो, कारण ऐकून विसरायची आपल्याला सवय आहे: धाब्यावरची माती कमी करा. सगळी नको. वीतभराहून कमी ठेवा, तिच्याखाली जाड प्लास्टिकचा कागद अंथरा, म्हणजे गळणारही नाही. पाऊस लागायच्या आत करा, दादा. सोयाबीनचं बी आणायला वेळ काढता, तसे दोन दिवस याला काढा.

आता भिंतीचे टाके. मीटर-मीटर अंतरावर भिंतीत आरपार भोक पाडायचं, दोन्ही टोकांना वाकवलेली सळई घालून काँक्रीट भरायचं. वेळ संपल्याची खूण होते आहे... एवढं ऐका, भोक पाडताना पहारीनं ठोकू नका, भिंत पोटातून ढिली होते. दगड हलवत हलवत, एकेक करून काढा. आणि काँक्रीट भरण्याआधी आतली माती पाण्यानं...