उपचार संपले, मग पुढे?

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



समोर एकच माणूस उभा दिसत असला, तरी हे भाषण आम्हा पाच जणांचं आहे. आम्ही पेडणे आणि डिचोली तालुक्यांतले. 19 ते 34 या वयात आम्हाला कॅन्सर झाला. कुणाला रक्ताचा, कुणाला स्तनाचा, कुणाला लसिकाग्रंथींचा. बांबोळीला तपासणीच्या रांगेत ओळखी झाल्या. आता महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतो, पातळ भाजी-पाव खातो आणि घरच्यांसमोर जे बोलता येत नाही ते बोलतो.

पत्रिकेत विषय 'कॅन्सरशी झुंज' असा छापायचं ठरत होतं. आम्ही तो बदलून मागितला. झुंजीबद्दल पुष्कळ बोललं जातं. आम्हाला बोलायचंय ते त्यानंतरच्या दिवसांबद्दल.

उपचार चालू असताना माणसाला काम असतं. तारखा, सलाईन, रक्ताचे रिपोर्ट. आमच्यातले दोघे मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात होते आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिले. तिथे सगळेच त्याच वाटेवरचे, त्यामुळे डोक्यावर केस नसल्याचं कुणाला काही वाटत नाही. मग एक दिवस डॉक्टर म्हणतात, "आता तीन महिन्यांनी या." आपण रेल्वेनं पेडण्याला किंवा थिवीला उतरतो. घरी देवीची ओटी भरतात, शेजारी म्हणतात, "सुटलास रे बाबा!" आणि त्या रात्री झोप येत नाही. कालपर्यंत निदान औषध तरी चालू होतं. आता काहीच चालू नाही. मग आजार परत आला तर?

आम्हाला वाटलं, आपणच कृतघ्न आहोत. जीव वाचला तरी रडतोय. पुढे कळलं की हे अनेकांच्या वाट्याला येतं. फिट्झह्यू मलन नावाचे एक अमेरिकन डॉक्टर होते. 32 व्या वर्षी त्यांना स्वतःलाच कॅन्सर झाला. 1985 मध्ये त्यांनी एका वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं, की आजार झालेला आणि बरा झालेला असे दोनच कप्पे करणं चूक आहे. उपचार संपल्यावर एक वेगळाच काळ सुरू होतो. त्यात भीती असते, अशक्तपणा असतो, आणि रुग्णालयाचा आधार मात्र सुटलेला असतो. हे वाचलं तेव्हा आमच्यातली एक म्हणाली, "म्हणजे आपण वेड्या नाही."

तरुण वयात आणखी एक गोष्ट होते. साठीच्या माणसाचं नाव, घर, काम ठरलेलं असतं. आमचं तेव्हा कुठे ठरत होतं. 'मी कोण' याचं उत्तर जुळत आलं आणि मधेच आजार आला.

आमच्यातला एक मये गावाजवळचा. चवथीच्या आरतीला त्याचं घुमट म्हणजे वाड्याची शान. केमोथेरपीतल्या एका औषधानं त्याच्या बोटांची टोकं बधिर झाली. उपचारानंतरच्या पहिल्या चवथीला घुमट हातात घेतलं, तर उजव्या हाताची बोटं कातड्यावर पडतात की नाही तेच कळेना. सगळे प्रेमानं म्हणाले, "तू बस, विश्रांती घे." त्या एका वाक्यानं तो घुमटवाल्याचा पेशंट झाला. दोन वर्षं तो आरतीच्या वेळी घरामागे जाऊन उभा राहायचा. तिसऱ्या वर्षी त्याच्या चुलत्यानं काही न बोलता त्याच्या हातात कासाळे दिले. बोटं अजून पूर्ण सुधारलेली नाहीत. तो आता कासाळेवाला आहे. घुमटाची आठवण येते का, असं विचारलं तर "येते" म्हणतो. आम्ही त्याला "विसर" म्हणत नाही.

दुसरी पेडण्याची. 31 व्या वर्षी स्तनाची शस्त्रक्रिया झाली, काखेतल्या गाठीही काढल्या. हात सुजतो, जोर देता येत नाही. घरी मुलगी चार वर्षांची, तिला उचलून घ्यायचं नाही. साडी नेसताना आरशाकडे पाठ. फुगडीच्या वेळी ती भिंतीला टेकून बसली, तेव्हा शेजारच्या काकी म्हणाल्या, "आज सावकाश घालूया गे, आमचेही गुडघे दुखतात." फेर संथ झाला आणि तिला त्यात जागा झाली. काकींनी दया दाखवली नाही, फक्त चाल बदलली.

तिसरीला 19 व्या वर्षी रक्ताचा कॅन्सर झाला. आज ती 27 वर्षांची आहे, नोकरी करते. स्थळं येतात तेव्हा आई म्हणते, "आधीच कशाला सांगायचं?" एकदा तिनं सांगितलं. मुलाकडचे चहा पिऊन गेले, ते परत आले नाहीत. आई दोन दिवस बोलली नाही. आम्हाला दोघींचंही कळतं. ती अजून सांगूनच पाहते आहे. याचा शेवट गोड झाला असं सांगता येणार नाही, कारण तो अजून व्हायचाय.

आणि अपराधीपणा. कुठे नवस फेडायचा राहिला का, कौल नीट घेतला नव्हता का, असं घरात कुणीतरी हळूच विचारतं. विचारणाऱ्याला आमची काळजीच असते. पण ऐकणारा रात्रभर स्वतःच्या चुका मोजत बसतो.

लोक युवराज सिंगचं उदाहरण देतात. 2011 चा विश्वचषक गाजवला, 2012 च्या सुरुवातीला अमेरिकेत केमोथेरपी, आणि त्याच सप्टेंबरात भारताकडून पुन्हा मैदानात. आम्हालाही त्याचा अभिमान आहे. त्याच्या संस्थेनं 2021 मध्ये गोवा सरकारबरोबर 'स्वस्थ महिला, स्वस्थ गोवा' ही स्तनतपासणीची मोहीम सुरू केली, हेही लक्षात ठेवावं. पण प्रत्येकाचं मैदान तेच राहत नाही. कुणाला घुमटावरून कासाळ्यांवर यावं लागतं. तेही परत येणंच आहे.

टाटा रुग्णालयात डॉ. पूर्णा कुरकुरे यांच्या पुढाकारानं 1991 मध्ये, लहानपणी कॅन्सर होऊन बरे झालेल्यांसाठी, उपचारानंतरचं वेगळं क्लिनिक सुरू झालं. अशाच मुलांनी मोठं झाल्यावर इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आधारानं 2009 मध्ये 'उगम' हा गट उभा केला. आमचा गट त्यापुढे काहीच नाही. नावसुद्धा नाही.

आता एक गोष्ट, जी सांगायची की नाही यावर आम्ही बराच वाद घातला. आम्ही सहा जण होतो. सहावा गेल्या पावसाळ्यात गेला. तो आमच्यापेक्षा कमी लढला नाही. औषधं वेळेवर घेतली, पथ्य पाळलं, आम्हाला हसवायचं कामही तोच करायचा. म्हणून आम्हाला 'योद्धे' म्हणू नका. आम्ही जिंकलो म्हटलं, की तो हरला असा अर्थ होतो. त्याच्या घरी जायला आम्हाला दीड महिना लागला. आपण जिवंत असल्याची लाज वाटत होती. त्याच्या आईनं दार उघडलं आणि म्हणाली, "इतके दिवस कुठे होतात? तुम्हाला पाहिलं की तो दिसतो."

जाता जाता तीन विनंत्या. पहिली, "पूर्वीसारखा झालास ना?" असं विचारू नका. "आज कसं आहे?" विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. दुसरी, कुणाला काय सांगायचं ते आमचं आम्हाला ठरवू द्या.

तिसरी, ज्यांच्या घरी आज तरुण माणसाचे उपचार सुरू होताहेत त्यांच्यासाठी. पुढे मूल होण्याबद्दल डॉक्टरांना उपचाराआधीच विचारा. शुक्राणू किंवा स्त्रीबीज साठवून ठेवण्याची सोय असते. आमच्यातल्या दोघांना हे उशिरा कळलं. कोणतं औषध किती दिलं त्याची फाईल जपून ठेवा, कारण काही औषधांचा हृदयावरचा परिणाम वर्षांनंतर दिसू शकतो. आणि मन खचलं तर त्याचाही इलाज करून घ्या. बांबोळीला मानसोपचाराची सरकारी संस्था आहे, आणि टेलिमानसचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र मोफत चालतो.

तपासणीची तारीख जवळ आली की आमची झोप आजही उडते. आमच्यातल्या एकीची तारीख अनंत चतुर्दशीनंतर लगेच आहे. आम्ही चौघे तिच्याबरोबर बांबोळीला जाणार आहोत.

आता आरतीची वेळ झाली. मंडळाचे कासाळे आज आमच्या माणसाच्या हातात आहेत.

गणपती बाप्पा मोरया!