घरी बसून की वर्गात बसून?

(वाशिम जिल्ह्यातील महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय फळ्यावर लिहिला तेव्हा काहीजणी हसल्या. जिल्ह्यात विमानतळ नाही आणि चर्चा वैमानिकाच्या परीक्षेची! पण हा प्रश्न आपल्याच गटातून आला आहे. बारावी सायन्स झालेल्या एका मुलीने विचारले, "लेखी परीक्षांसाठी पुण्या-मुंबईला जाऊन पूर्णवेळ वर्ग लावू, की घरी राहून दूरशिक्षणाने अभ्यास करू?" तिच्या आईने लगेच पुढचा प्रश्न विचारला, "घरी राहून होत असेल तर पोरीला बाहेर पाठवायचीच कशाला?" मुलीचा प्रश्न शिक्षणाचा आहे. आईचा प्रश्न आपल्या सगळ्यांचा आहे.

विमान आता तितके लांब राहिलेले नाही. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून एप्रिल २०२५ मध्ये प्रवासी विमान सुरू झाले. तिथे मोठी वैमानिक प्रशिक्षण संस्था काढण्याचे एअर इंडियाने २०२४ मध्ये जाहीर केले. आणि बाईने विमान चालवणे ही काही नवी गोष्ट नाही. सरला ठकराल यांनी १९३६ साली लाहोरला परवाना मिळवला तेव्हा त्या २१ वर्षांच्या होत्या आणि घरी लहान मुलगी होती. १९८५ मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी निवेदिता भसीन यांच्यासह कलकत्ता-सिलचर विमान नेले, त्यात सगळ्या कर्मचारी स्त्रियाच होत्या. महिला वैमानिकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२१ मध्ये दिलेल्या आकड्यांप्रमाणे जगात शंभर वैमानिकांमागे सहासुद्धा स्त्रिया नव्हत्या. भारतात बारा होत्या. या बारांत खेड्यातल्या, मराठी शाळेत शिकलेल्या किती, हा प्रश्न मात्र आपणच विचारायला हवा.

आता मुद्द्याकडे येऊ. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण हवीत. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागते. ही अट शिथिल करण्याची चर्चा २०२५ मध्ये झाली, म्हणून आजचा नियम काय आहे ते आधी विचारून घ्यावे. कला शाखेच्या मुली हे दोन विषय राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून देत आल्या आहेत, म्हणजे दूरशिक्षणाचा उपयोग इथूनच सुरू होतो. डॉक्टरी तपासणी कडक असते. त्यानंतर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, लेखी परीक्षा: हवाई मार्गनिर्देशन, हवामानशास्त्र, हवाई नियम आणि विमानाची तांत्रिक माहिती. प्रत्येक विषयात ७० टक्के गुण लागतात. रेडिओवर बोलण्याचा परवाना वेगळा. शिवाय २०० तासांचे उड्डाण.

यातली एक गोष्ट नीट लक्षात घ्या. लेखी परीक्षेसाठी आपल्याकडे वर्गात बसण्याची सक्ती नाही. स्वतः अभ्यास करूनही परीक्षेला बसता येते. युरोपात तसे नाही. तिथे दूरशिक्षण घेणाऱ्यालाही एकूण अभ्यासक्रमाचा निदान दहावा भाग प्रत्यक्ष वर्गात घालवावा लागतो. आपल्याकडे ही मोकळीक आहे, आणि मुलीच्या दृष्टीने ती संधीही आहे नि सापळाही.

संधी कशी? पूर्णवेळ वर्गाची फी, शहरातले वसतिगृह, खानावळ हे सगळे मिळून काही लाखांवर जाते. घरून अभ्यास केला तर त्यातला बराच पैसा वाचतो आणि तो उड्डाणाच्या तासांना लावता येतो. खरा खर्च तिथेच आहे, आणि तो पन्नास लाखांच्या आसपास जातो. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली. पण खासगी वर्गाला ती लागू नाही. नोकरी करणारी, लेकुरवाळी, आजारी सासूची सेवा करणारी, अशा कितीतरी जणींना दूरशिक्षण हाच एक रस्ता असतो. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये निघाले, त्याच्या आधाराने किती बायका पदवीधर झाल्या हे आपण पाहिले आहे. तेव्हा दूरशिक्षणाला दुय्यम म्हणण्याचे कारण नाही.

मग सापळा कुठे आहे? तो घरात आहे. मुलगा घरी अभ्यास करत असला की घर त्याच्यासाठी गप्प बसते. मुलगी घरी असली की ती "मोकळीच" असते. पाणी आले, भर. पाहुणे आले, चहा ठेव. सोयाबीन सोंगायला आले, वावरात चल. आणि पुस्तक समोर असतानाच पाहण्याचा कार्यक्रम ठरतो. म्हणून एकाच घरात भाऊ पूर्णवेळ शिकतो आणि बहीण दूरशिक्षण घेते, तेव्हा ही निवड कोणी केली हे विचारलेच पाहिजे. मुलाच्या शिक्षणासाठी वावर विकतात, मुलीच्या लग्नासाठीही विकतात. मुलीच्या शिक्षणासाठी विकलेले किती जणींनी पाहिले आहे?

आईच्या प्रश्नाला उत्तरही स्पष्ट द्यायला हवे. लेखी परीक्षा घरून झाली तरी २०० तासांचे उड्डाण घरून होणार नाही. त्यासाठी बारामती, गोंदिया किंवा त्याहून दूर जावेच लागेल, पहाटे धावपट्टीवर उभे राहावे लागेल, पुरुष प्रशिक्षकाशेजारी बसावे लागेल. दूरशिक्षणाने बाहेर जाणे टळत नाही, फक्त पुढे ढकलले जाते. म्हणून हे बोलणे पहिली फी भरण्याआधी घरात झाले पाहिजे. तीन परीक्षा पास झाल्यावर "आता पुरे" असे ऐकावे लागले, तर मुलीची दोन-तीन वर्षे आणि हिंमत दोन्ही जातात.

विषयांचा स्वभावही वेगवेगळा आहे. नियम आणि हवामान हे वाचून, पुन्हा पुन्हा सराव करून जमण्यासारखे आहेत. ढग, वारा, मोसमी पाऊस हे शेतकऱ्याच्या मुलीला परके नाहीत. मार्गनिर्देशन मात्र नकाशावर रेघा ओढून, वाऱ्याचा हिशेब मांडून शिकायचे असते. तिथे चूक कुठे झाली हे दाखवणारे कोणी शेजारी लागते. रेडिओचे बोलणे तर एकटीने पाठ करून येत नाही. समोर उत्तर देणारे माणूस लागते. त्यात सारा कारभार इंग्रजीत. मराठी माध्यमाच्या मुलीला विषय कळलेला असतो, प्रश्नाची भाषा अडवते.

म्हणून माझे मत असे: दोन्हींची सांगड घालावी. डॉक्टरी तपासणी सर्वांत आधी करून घ्यावी, म्हणजे पुढचा पैसा वाया जाणार नाही. नियम आणि हवामान घरून करावेत. त्या दोन परीक्षांचा निकाल पाहून मार्गनिर्देशन आणि रेडिओसाठी काही महिने शहरात पूर्णवेळ वर्ग लावावा. ज्या मुलीला घरात रोज चार-पाच तास सलग मिळणारच नाहीत, तिने मात्र कर्ज काढावे लागले तरी सुरुवातीपासून बाहेर पडावे. तिच्यासाठी स्वस्त दूरशिक्षणच महाग पडते.

"घरबसल्या पायलट", "नोकरीची हमी" अशा जाहिरातींपासून सांभाळा. थिअरीचा खासगी वर्ग ही शिकवणी आहे, तिचे प्रमाणपत्र म्हणजे परवाना नव्हे. उड्डाणाची संस्था डीजीसीएच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का, तिथे आज किती विमाने चालू आहेत, तास पूर्ण व्हायला मुलांना किती महिने लागले, हे तिथे शिकणाऱ्या मुलींनाच विचारा. परवाना मिळाल्यावरही नोकरीसाठी थांबावे लागते, आणखी खर्चिक प्रशिक्षण लागते, हेही आईवडिलांपासून लपवू नका.

आणि आपण काय करायचे? दूरशिक्षण घेणारी मुलगी एकटी पडते, ते एकटेपण गटाने मोडायचे. मंडळाची खोली सकाळी चार तास अभ्यासाला उघडी ठेवा. वैमानिक व्हायचे असो, नर्सिंगची किंवा पोलीस भरतीची तयारी असो, मुली एकत्र बसू द्या. तालुक्यातल्या इंग्रजीच्या शिक्षिकेला आठवड्यातून दोनदा बोलवा. शिष्यवृत्तीची चौकशी समाजकल्याण कार्यालयात मुलीने एकटीने करू नये, आपण चौघी सोबत जाऊ. परीक्षा मोठ्या शहरात असते, तर सोबत कोण जाणार हे आधी ठरवा. आणि घरच्यांशी बोलायला गेलात, तर एक कबुली मागून घ्या: अभ्यासाचे तास ठरलेले, आणि परीक्षा होईपर्यंत लग्नाची बोलणी बंद.

मुलीने घरी शिकायचे की वर्गात, हे तिने ठरवावे. दोन्ही दारे उघडी असतील तरच ती निवड म्हणता येईल. ती उघडी ठेवण्याचे काम आपले आहे, आणि त्याची सुरुवात उद्या सकाळी मंडळाच्या खोलीच्या किल्लीपासून करता येईल.