त्र्याहत्तरावा रकाना



अध्यक्षपदाचा मान दिलात, आभारी आहे. भर पावसात सगळी व्यवस्था चोख ठेवणाऱ्या लोणावळा-तळेगावच्या मंडळींचेही आभार. अध्यक्षाने वर्षभराचा आढावा घ्यायचा असतो. तो छापील अहवालात आहे, सवडीने वाचा. मला कित्येक वर्षं एकच गोष्ट बोलायची आहे, ती आज बोलतो.

कोड लिहून देणारी साधनं आपल्याकडे नवी नाहीत. पुण्यात १९८१ साली टीआरडीडीसी ही टाटांची संशोधन संस्था सुरू झाली आणि पुढे तिथेच मॉडेलवरून कोड काढणारं मास्टरक्राफ्ट घडलं. पण साधन कोणाचंही घ्या, आत काय भरायचं याची जाडजूड पुस्तिका मिळते आणि बाहेर काय पडेल याबद्दल जेमतेम अर्धं पान. ओएमजी या प्रमाणं ठरवणाऱ्या संघटनेने २००८ साली मॉडेलवरून मजकूर काढण्याचं प्रमाण आणलं. साचा कसा लिहावा, हाताने लिहिलेला भाग कसा राखावा, हे त्यात आहे. पण बाहेर पडणारी ओळ किती लांब, घटक कोणत्या क्रमाने, याची हमी कोणी द्यायची? ते ज्याचं त्याने बघायचं!

सकाळच्या परिसंवादात तरुण मित्रांनी ठासून सांगितलं, यंत्राने लिहिलेला कोड माणसाने वाचायचाच नसतो. मग ऐका. नव्वदच्या दशकात एका पतसंस्थेचं काम होतं. जनरेटर कोबोल लिहायचा. जुन्या कोबोलमध्ये मजकूर ७२व्या रकान्यापर्यंतच. ७३ ते ८० मध्ये काय आहे ते कंपायलर बघतही नाही. मॉडेलमधली नावं लांबलचक, त्यामुळे एक अट सरकत सरकत थेट कडेला गेली. १०००० मधलं शेवटचं शून्य ७३व्या रकान्यात पडलं. अट झाली हजाराची. एरर नाही, वॉर्निंग नाही. मॉडेल बरोबर, साचाही बरोबर. शेवटी प्रिंट काढून, पट्टी ठेवून रकाने मोजले तेव्हा चोर सापडला. वाचायचा नसतो म्हणे!

साचा बरा की सिंटॅक्स ट्री, हा तुमचा दुसरा वादही त्याच शून्याने मिटवला. ओळ किती वाढली हे साच्याला कळत नाही. ट्रीवरून छापणाऱ्याला कळतं, पण कुठे मोडायची ते त्याला कोणी सांगून ठेवलं असेल तरच.

व्याकरणावरून पार्सर लिहून देणाऱ्या याकने काढलेल्या सी फायलीत मूळ व्याकरणातल्या ओळीचा क्रमांक असतो, म्हणून चूक कुठे शोधायची ते कळतं. एवढी माणुसकी नंतरच्या कित्येक महागड्या साधनांना सुचली नाही. आणि प्रत्येक फायलीवर वेळेचा शिक्का मारणारे जनरेटर तर माझ्या डोक्यातच जातात. बदललं एक फील्ड, पण गिटमध्ये शेकडो फायली लाल-हिरव्या. खरा बदल शोधत बसा.

आता भाषा-मॉडेलं आली. तोच प्रश्न दोनदा विचारा, कोड दोन तऱ्हेचा मिळू शकतो. स्कीमा देऊन त्यांना जेसनपुरतं बांधता येतं, व्याकरणात न बसणारं टोकन उमटूच द्यायचं नाही हेही जमतं. बांधता येतं, तर मग बांधा ना! आमच्या वेळी हेच मागितलं तर लोक किरकिऱ्या म्हणायचे.

बाहेर काय पडेल याच्या हमीचा दोन पानी मसुदा पुरे: ओळ, क्रम, नावं, मूळ ओळीचा पत्ता, आणि त्याच इनपुटला बाइटगणिक तेच आउटपुट. छोटी समिती नेमू. कोण, कधी, ते जेवणानंतर बोलू. साधनं विकणाऱ्यांची त्यात गर्दी नको. रात्री दोन वाजता फोन कोणाला येतो ते विचारा आणि त्याचं नाव आधी घाला.